झिरो बायस पीक दिसला म्हणजे मेजोराना भेटला, असं म्हणता येते का?

दर्यापूरची_पोरगी
एमएस्सी फिजिक्सच्या सेमिनारले टॉपोलॉजिकल सुपरकंडक्टिव्हिटी घेतली मी, म्हणजे असा सुपरकंडक्टर, ज्याच्या टोकाशी मेजोराना (स्वतःच स्वतःचा प्रतिकण असल्यासारखं, शून्य एनर्जीचं स्टेट) बसते म्हणतात. 2012 मध्ये डेल्फ्टच्या कौवेनहोवन सरांच्या ग्रुपनं इंडियम अँटिमोनाइडच्या नॅनोवायरमध्ये शून्य व्होल्टेजवर कंडक्टन्सचा (वीजवहनाचा) पीक, म्हणजे झिरो बायस पीक, मेजोरानाची खूण म्हणून दाखवला इथपर्यंत समजलं, पण याच ग्रुपचा 2018 चा पेपर 2021 मध्ये मागं घेतला म्हणतात, मग पीक खोटा होता का? अन् हे मेजोराना स्टेट तारेच्या टोकालेच काऊन बसते? गावात विचाराले कोणी नाही, सांगा ना कोणी.

आर्वीवाले_सर
बेटा, आधी टोकाचं पाहू. कितायेव या शास्त्रज्ञाचं सुपरकंडक्टिंग तारेचं 2001 चं मॉडेल घे. प्रत्येक साइटवरच्या (तारेतल्या एकेका जागेवरच्या) इलेक्ट्रॉनचे कागदावर दोन अर्धे भाग, म्हणजे दोन मेजोराना, करता येतात. मैदानात पोरांची रांग आहे समज, साध्या तारेत प्रत्येक जण आपलेच दोन हात जोडून उभा, टॉपोलॉजिकल तारेत प्रत्येकानं शेजाऱ्याचा हात धरलेला, म्हणून दोन्ही टोकांच्या पोरांचा एकेक हात मोकळा राहते. ते दोन मोकळे हात मिळून एकच इलेक्ट्रॉन स्टेट, एनर्जी शून्य. तार पुरेशी लांब पाहिजे, नाही तर दोघं एकमेकांत मिसळतात अन् एनर्जी शून्यावरून सरकते.

वऱ्हाडी_क्वांटम
सरांचं बरोबर. आता पीकचं. पीक दिसणं अन् त्याचा अर्थ लावणं या दोन वेगळ्या गोष्टी हायेत. 2018 च्या पेपरमध्ये पीकची उंची 2ई²/एच वर (ई म्हणजे इलेक्ट्रॉनचा चार्ज, एच म्हणजे प्लांकचा स्थिरांक; मेजोरानासाठी हीच उंची अपेक्षित) स्थिर होते असा दावा होता, पूर्ण डेटा पाहिल्यावर तो टिकला नाही. मुख्य अडचण अँड्रीव्ह बाउंड स्टेटची, म्हणजे सुपरकंडक्टरच्या कडेशी अडकलेल्या, मेजोराना नसलेल्या साध्या स्टेटची. तारेच्या टोकाशी पोटेन्शियल हळूहळू बदलत असलं किंवा अशुद्धी असली की साधं अँड्रीव्ह स्टेटसुद्धा चुंबकीय क्षेत्रात शून्यापाशी येते अन् तिथंच रेंगाळते, पीक हुबेहूब तसाच! म्हणून एका टोकावर भरवसा ठेवू नको, दोन्ही टोकं सोबत मोजलेली हायेत का अन् मधल्या भागातला गॅप (सुपरकंडक्टरमधला स्टेट नसलेला एनर्जीचा पट्टा) बंद होऊन परत उघडताना दिसला का, ते पाहाजो.

दर्यापूरची_पोरगी
अन् 2014 मध्ये प्रिन्स्टनच्या याझदानी सरांनी शिशावर लोखंडाच्या अणूंची साखळी केली, तिथं तर एसटीएमनं (एकेक अणू पाहाणाऱ्या सूक्ष्मदर्शकानं) टोक सरळ दिसते ना?

वऱ्हाडी_क्वांटम
दिसते, मलेही तो प्रयोग लय आवडते. पण चुंबकीय अणू सुपरकंडक्टरवर बसला की शिबा स्टेट तयार होतात, तेही गॅपच्या आतच. त्यांच्यातून शून्यावरचं वेगळं काढाचं म्हणजे एनर्जी रिझोल्यूशन बारीक पाहिजे. सेमिनारात शिबा अन् अँड्रीव्हले एक स्लाइड नक्की दे, परीक्षक पहिले तेच विचारतीन.