मदत हवी आहे: रोज चालवायच्या ड्रॅग (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या) गाडीचं मागचं सस्पेन्शन, आधी काय बदलू?

मंडळी, नमस्कार.

गाडी १९८९ ची फोर्ड मस्टँग एलएक्स, ५.० लिटर व्ही-८, पाच गिअरचा टी-५ मॅन्युअल. हेड, कॅम आणि इनटेक बदललेले आहेत, बाकी एंजिनला हात लावलेला नाही. मागे ८.८ इंची अ‍ॅक्सल, रेशो ३.७३, लिमिटेड स्लिप (एकच चाक फुकट फिरू न देणारा डिफरेन्शियल) शाबूत. टायर १५ इंची रिमवर २७५/६० चे ड्रॅग रेडियल (रस्त्यावरही चालणारे, जास्त पकडीचे टायर). मागचं सस्पेन्शन मात्र सगळं कंपनीचं: चार आर्म (बॉडीला जोडणाऱ्या दांड्या), कॉइल स्प्रिंग आणि अ‍ॅक्सलला आडवे लावलेले ते दोन जादा शॉक. आधीच्या मालकाने बुटके स्प्रिंग टाकून गाडी दीडेक इंच खाली बसवली आहे, ती तशीच आहे.

तक्रार अशी, की क्लच सोडला की मागची चाकं आधी थडथडतात आणि मग सुटतात, म्हणजे पकड सोडून जागेवर फिरतात. उजवं आधी सुटतं. चांगला दिवस असेल तर पहिले ६० फूट १.९ सेकंदांत, नाहीतर सरळ २.१. एंजिनच्या मानाने १.७ च्या आसपास यायला हरकत नाही असं मला वाटतं.

अट एकच. ही गाडी ट्रेलरवर चढणार नाही. आठवडाभर कामाला हीच, वळणं, खड्डे सगळं हिच्यावरच. कानाला थोडा त्रास चालेल, पण वळणावर मागची बाजू अचानक निसटायला नको.

डोक्यात तीन पर्याय आहेत. चारही आर्म जाड नळीचे आणि पॉलियुरेथेन बुशचे (बुश म्हणजे सांध्यातली गादी) घ्यायचे, संच तयार मिळतो. किंवा लॅडर बार आणि कॉइलओव्हर (शॉकवरच बसवलेला स्प्रिंग). किंवा आर्म आहेत तेच ठेवून नुसते अ‍ॅडजस्टेबल शॉक आणि उजव्या स्प्रिंगमध्ये एअरबॅग (हवा भरायची पिशवी). सगळं एकदम होणार नाही. सुरुवात कुठून करू?

---

नटबोल्ट

लॅडर बार यादीतून काढून टाका. त्यात दोन लांब त्रिकोणी बार अ‍ॅक्सलला पक्के आणि पुढे चासीला एकेकाच बिंदूवर. सरळ रेषेत झकास. पण एक चाक खड्ड्यात आणि दुसरं वर असं झालं की अ‍ॅक्सलला पीळ बसायला हवा आणि बार तो बसू देत नाहीत. ज्या गाडीला रोज वळायचंय तिच्या कामाचे नाहीत.

तयार संचाबद्दलही जरा थांबा. तुमच्या गाडीत वरचे दोन आर्म तिरपे आहेत, अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू न देण्याचं काम त्यांच्याकडेच आहे. म्हणजे बॉडी कलली की वरच्या आर्मच्या बुशना फिरावंही लागतं आणि पिळावंही लागतं. कंपनीने तिथे मऊ रबर घातलंय ते पैसे वाचवायला नव्हे, त्या मऊपणावरच तो सांधा चालतो. चारही आर्मना दोन्ही टोकांना कडक पॉलियुरेथेन घातलं की कलताना सगळं एकमेकांत अडकतं आणि मागचा भाग एखाद्या जाड अँटीरोल बारसारखा वागायला लागतो. सरळ जाताना कळणार नाही. ओल्या वळणावर मात्र नेमकं तेच होईल जे तुम्हाला नकोय.

माझं मत: खालचे आर्म बंद पेटीसारखे, ताठ आणि कडक बुशचे घ्या, कारण ढकलण्याचा मुख्य जोर तेच खातात. वरच्यांना अ‍ॅक्सलच्या बाजूला गोलाकार सांधा, म्हणजे मागेपुढे हलणार नाही पण पिळेल. थोडा खडखडाट आत येईल. ते जमत नसेल तर वर नवं रबरच टाका. ३५ वर्षांचं रबर आता रबर राहिलेलं नाही.

---

उगाचएक

वाचतोय. माझ्याकडे लीफ स्प्रिंगवाली आहे, चाकाचं थडथडणं तिथेही तेच. हाच सल्ला लागू का?

---

नटबोल्ट

नाही. तिथे पट्ट्याच इंग्रजी एस सारख्या वाकतात आणि सुटताना थडथडतात. तुम्हाला पट्टीचा पुढचा अर्धा भाग ताठ धरणारे ट्रॅक्शन बार हवेत. वेगळा धागा काढा, इथे खिचडी होईल.

---

काटकोन

सुटे भाग ठरवण्याआधी थोडं गणित. गाडी १,५०० किलो धरू, व्हीलबेस २.५५ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण अर्धा मीटर. ६० फूट १.८ सेकंदांत म्हणजे सरासरी सुमारे १.१५ जी. तेवढ्या वेगवाढीला पुढून मागे जाणारा भार: १,५०० गुणिले १.१५ गुणिले ०.५, भागिले २.५५. उत्तर ३४० किलोंच्या आत-बाहेर. या सूत्रात कुठेही आर्म नाही, शॉक नाही, स्प्रिंग नाही. पुढचं नाक दोन-तीन इंच वर उचललं तरी आकडा फारसा हलत नाही. तेव्हा 'अमुक पार्ट टाका, जास्त वजन मागे जाईल' असं कोणी विकायला आलं की सावध.

सस्पेन्शन ठरवतं ते एवढंच, की तो भार टायरवर किती झटक्यात येतो आणि दोन्ही चाकांना सारखा मिळतो का.

झटका आर्मच्या कोनातून ठरतो. गाडीकडे बाजूने बघा, वरच्या आणि खालच्या आर्मच्या रेषा पुढे वाढवा, जिथे छेदतील तो इन्स्टंट सेंटर. टायर जमिनीला टेकतो तिथून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढा. ती रेघ पुढच्या चाकांच्या उभ्या रेषेवर गुरुत्वमध्याच्या उंचीला पोचली तर अँटीस्क्वॉट १०० टक्के: सुटताना मागचा भाग ना बसतो ना उठतो. त्याहून वर गेली तर बॉडी उठते आणि टायर खाली दाबला जातो. खाली राहिली तर गाडी बुड टेकते.

आता तुमचं दुखणं. गाडी दीड इंच खाली आणली तेव्हा खालच्या आर्मचं पुढचं टोक बॉडीबरोबर खाली आलं, मागचं अ‍ॅक्सलवर होतं तिथेच राहिलं. आर्म पुढच्या बाजूला उतरता झाला, इन्स्टंट सेंटर खाली गेला, अँटीस्क्वॉट घटला. शॉक कितीही भारी घ्या, हे सुधारत नाही. उपाय दोन: मूळ उंचीचे स्प्रिंग, नाहीतर अ‍ॅक्सलवर रिलोकेशन ब्रॅकेट, म्हणजे खालच्या आर्मचं मागचं भोक खाली जातं. ब्रॅकेटला दोन-तीन भोकं असतात. ड्रॅग रेडियल असल्याने सगळ्यात खालच्या भोकावर उडी मारू नका. स्लिक (नक्षी नसलेल्या, शर्यतीच्या) टायरची भिंत चुरगळून झटका पचवते, रेडियलची तितकी नाही. जोरात आपटलं तर चिकटतो आणि लगेच सुटतो.

---

धागाकर्ता

दोघांचेही आभार. स्प्रिंग बुटके आहेत याचा थडथडण्याशी संबंध असेल असं वाटलंच नव्हतं.

काल जॅकवर घेऊन खाली शिरलो. खालचा आर्म पुढे उतरता आहे, पट्टी लावायचीही गरज नाही. वरच्या डाव्या आर्मचं बुश अ‍ॅक्सलच्या बाजूने फाटलंय, आतली लोखंडी नळी एका कडेला टेकून घासून चकचकीत झाली आहे. आणि एक गोष्ट आवडली नाही: खालचा उजवा आर्म चासीला जिथे बसतो त्या पेटीच्या कडेला रंग केसासारखा तडकलाय, भेगेत गंज आहे. नख फिरवलं की अडकतं. हे किती गंभीर?

---

नटबोल्ट

तोच टॉर्क बॉक्स. या गाड्यांचं जुनं दुखणं. स्पॉट वेल्ड सुटतात, मग पत्रा फाटतो. आता तुमचा क्रम तुम्ही नाही, ती भेग ठरवणार. रंग खरवडून वेल्डरला दाखवा, पेटी वेल्ड करून वर-खाली दोन्हीकडे मजबुतीच्या प्लेटा घाला. कंपनीचा लेचापेचा आर्म स्वतः वाकून थोडा मार खात होता. ताठ आर्म तो मार सरळ पत्र्याला देईल. भेगेवर नवे आर्म लावणं म्हणजे पेटी हातात येण्याची वाट बघणं.

हे झालं की खालचे आर्म, वरच्यांची बुश आणि मूळ उंचीचे स्प्रिंग एकाच वेळी. या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवरच बसतो, त्यामुळे ते काम तसंही सुटतंच.

शॉक त्यानंतर. तुमच्यासाठी दोन्ही दिशांना वेगवेगळे सेट होणारे घ्या. सुटताना बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा आणि फक्त टायर आणि मडगार्डमधली फट बघा. फट झटकन वाढून लगेच मिटत असेल तर एक्स्टेन्शन (शॉक उघडतानाचा विरोध) एकेक क्लिक कडक करा. पुढच्या बाजूला ९०/१० शॉक लावायचा मोह होईल. वर झटकन उठतात, खाली हळू येतात, ड्रॅगला छान. रोजच्या रस्त्यावर ब्रेक लावून वळताना भयंकर. नको.

---

काटकोन

उजव्या चाकाबद्दल: ड्राइव्हशाफ्ट फिरताना अख्ख्या अ‍ॅक्सलला पिळते आणि उजवं चाक उचलू बघते. म्हणून उजव्या स्प्रिंगमध्ये एअरबॅग. स्वस्त आणि चालणारा उपाय. स्ट्रिपवर (शर्यतीच्या पट्ट्यावर) हवा भरा, घरी येताना दोन्ही बाजू सारख्या करा, नाहीतर एका बाजूच्या वळणाला गाडी वेगळी वागेल. पुढे कधी चासीला बसणारा ड्रॅग अँटीरोल बार घेतलात तर एअरबॅगची गरजच उरणार नाही.

आणि पाव मैल १०.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर जायचा विचार असेल तर एनएचआरएच्या (अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या) नियमाने बाजारातले मजबूत अ‍ॅक्सल शाफ्ट आणि ते धरून ठेवणारी सोय सक्तीची आहे. ८.८ मध्ये शाफ्ट आत फक्त सी-क्लिपने अडकलेला असतो. शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर.

---

उगाचएक

मागची पकड सुधारली की पुढची तक्रार टी-५ ची येणार, लिहून ठेवा. आत्तापर्यंत चाक सुटत होतं म्हणून तो वाचला.

---

धागाकर्ता

हे मात्र खरं वाटतंय. :)

तर ठरलं: आधी वेल्डिंग आणि प्लेटा, मग खालचे आर्म, वर गोलाकार सांधे, मूळ उंचीचे स्प्रिंग. एअरबॅग लगेच, शॉक पुढच्या खेपेला. ब्रॅकेट तूर्त नाही, उंची परत आल्यावर बघू. शेवटची शंका: वरचे आर्म अ‍ॅडजस्टेबल घेतोय, तर पिनियनचा (ड्राइव्हशाफ्ट मागे ज्या गिअरला जोडते त्याचा) कोन किती ठेवू? गाडी जॅकवर असताना मोजला तर चालेल ना?

---

नटबोल्ट

जॅकवर अजिबात नाही. चारही चाकं जमिनीवर, टाकीत नेहमीइतकं पेट्रोल. ड्राइव्हशाफ्टच्या रेषेच्या तुलनेत पिनियनचं नाक १ ते २ अंश खाली. दोन्ही वरचे आर्म सारखेच फिरवा, आणि बोल्ट गाडी खाली उतरवल्यावरच शेवटचे आवळा.