१० बाय १०च्या खोलीत गिटार घुमते, आवाज डब्यातला येतो. काय करू?

कोमल_निषाद:
मंडळी, मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर १० बाय १०ची खोली आहे, छत साडेनऊ फूट, खाली टाइल्स, एका बाजूला कपाट, रस्त्याकडे सरकती खिडकी. सामान: दोन इनपुटचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा), एक कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) कंडेन्सर माइक, गाण्याचा एक एसएम ५८ माइक, बंद कपांचे हेडफोन, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. गिटार ड्रेडनॉट (मोठ्या पोटाची). गाणं आणि गिटार एकदमच रेकॉर्ड करतो.

तक्रारी अशा: ए तार छेडली की घुमते, बाकीच्या तारा ठीक. गळा डब्यातून आल्यासारखा. लॅपटॉपला चार्जर लावला की गुणगुण. एका भिंतीला इंचभर जाडीचा फोम चिकटवलाय, पण काडीचा फरक नाही. ईक्यूने (सुरांचे पट्टे कमी-जास्त करून) निस्तरेल का?

खर्ज_५७:
ईक्यूला हात लावू नका अजून. आधी हिशोब बघा. समोरासमोरच्या भिंतींत १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर. आपल्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४७ मीटर. त्यावरून खोलीचा पहिला मोड (ज्या सुराला खोली स्वतःच घुमते तो) ५७ हर्ट्झ, दुसरा ११४. खोली चौरस, त्यामुळे लांबी आणि रुंदी दोन्हींचे मोड एकावर एक पडतात, आणि साडेनऊ फुटांचं छत १२०च्या आसपास आणखी भर घालतं. तुमची ए तार ११०ची. ड्रेडनॉटच्या पोटातली हवा स्वतःच १००च्या आगेमागे घुमते. त्यात कार्डिऑइड जवळ नेला की तो खालचा पट्टा फुगवणारच. तिघांनी एकाच जागी गर्दी केलीये, ए तारेचा काही दोष नाही.

खोलीच्या मधोमध बसत असाल तर आधी तिथून उठा. ११४च्या मोडचा दाब भिंतींशी आणि बरोबर मध्यावर सर्वांत जास्त असतो आणि भिंतीपासून अडीच फुटांवर सर्वांत कमी. पाठ भिंतीकडे करून बसलात की गिटारपुढचा माइक आपोआप अडीच-पावणेतीन फुटांवर येतो. बाजूच्या भिंतीपासूनही तेवढंच अंतर ठेवा. ५७ची काळजी नको, गिटारची सर्वांत खालची ई तारच ८२ची आहे.

माइक बाराव्या फ्रेटसमोर, २५ सेंटिमीटरवर, तोंड जरासं मान आणि बॉडीच्या सांध्याकडे. साउंडहोलसमोर (गिटारच्या भोकासमोर) कधीच नको, घुमारा तिथूनच बाहेर पडतो. मग हेडफोन लावून दुसऱ्या कोणाला तरी वाजवायला बसवा आणि माइक दोन-दोन सेंटिमीटर सरकवून ऐका. ब्रिजकडे (तारा बॉडीला बांधतात तिकडे) गेलात की सूर लाकडी आणि गोल, नटकडे (मानेच्या टोकाकडे) गेलात की पातळ आणि बोटांची खरखर जास्त.

फोमचं म्हणाल तर इंचभर फोम साधारण हजार हर्ट्झच्या वरचंच शोषतो. वरची चमक गेली, २०० ते ५०० तसंच राहिलं, म्हणून डबा. गाणाऱ्याच्या पाठीमागे दोन जाड गोधड्या दोरीवर टाका, भिंतीला चिकटवून नको, चार इंच सोडून. मागची पोकळी जेवढी मोठी, तेवढ्या खालच्या सुरांपर्यंत कापड काम करतं. पाठीमागेच का? कार्डिऑइडचं तोंड तुमच्याकडे असतं, त्यामुळे तुमच्या मागून परत येणारा आवाज त्याला सरळ ऐकू येतो. कपाटाची दारं उघडी ठेवा, लटकलेले कपडे फुकटचं शोषण आहे. खर्च करायचाच असेल तर ५० मिलिमीटर जाडीचे, घनमीटरला ४८ किलोचे रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) स्लॅब घ्या आणि कापडात शिवून कोपऱ्यांत उभे करा. कापताना मास्क आणि हातमोजे हवेतच.

तिहाई_चुकली:
वरचं सगळं बरोबर, पण मी तर म्हणेन गिटार आधी, गळा नंतर. एकदम घेता तेव्हा गळा दोन्ही माइकमध्ये शिरतो. तोंडापासून दोन माइकच्या अंतरात ३० सेंटिमीटरचा फरक असला, की दुसऱ्यात आवाज ०.९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही ट्रॅक मिळवले की ५७०-५८० हर्ट्झच्या आसपास खाच पडते, पुढे १७००च्या जवळ दुसरी. गळा पोकळ लागतो तो त्यामुळेही.

वेगळं घेताना क्लिक (तालाची टिकटिक) हेडफोनमधून गळून गिटारच्या माइकमध्ये येते, शेवटच्या कॉर्डच्या विरत्या नादात तर टक्-टक् स्पष्ट ऐकू येतं. क्लिकचा आवाज बोथट निवडा आणि शेवटच्या ठोक्यानंतर ती बंद पडेल असं लावा. लेव्हल २४ बिटमध्ये, शिखरं उणे १२ ते उणे १० डीबीवर. याच्या वर ढकलून काही मिळत नाही.

खर्ज_५७:
ठेक्यातल्या गाण्याला मान्य. पण ओळीच्या शेवटी थांबून, लय सैल सोडून गायचं भावगीत क्लिकवर घेतलं की त्याचा जीव जातो. तिथे एकत्रच घ्या, फक्त माइकची पाठ वापरा. कार्डिऑइड मागून जवळजवळ बहिरा असतो. गाण्याचा ५८ खालून वर वळवा, म्हणजे त्याची पाठ गिटारकडे जाईल. कंडेन्सर किंचित खाली झुकवा, म्हणजे त्याची पाठ तोंडाकडे. नंतर एका ट्रॅकची पोलॅरिटी (आवाजाच्या लहरीची दिशा) उलटी करून बघा, ज्या स्थितीत गळा भरदार लागतो ती ठेवा.

अर्थिंगवाला:
गुणगुणीचं: लॅपटॉप बॅटरीवर चालवून ती थांबली, तर दोष चार्जरच्या वाटेचा. लॅपटॉप, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, स्पीकरला बॅलन्स्ड टीआरएस केबल (बाहेरची गुणगुण दाबणारी) लावा. तीन पिनच्या प्लगची अर्थ पिन तोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, जिवाशी खेळ आहे. जुन्या बिल्डिंगमध्ये सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे वायर नसते, ते वायरमनकडून तपासून घ्या. कनेक्टर आणि मीटरवर केबल लॅमिंग्टन रोडला मिळते.

आणि जूनपासून कंडेन्सर स्टँडवर उघडा ठेवू नका. दमटपणाने कॅप्सूल (माइकचा ऐकणारा भाग) चुरचुरायला लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

कोमल_निषाद:
जागा बदलली, ए तार ताळ्यावर आली. गुणगुण चार्जरचीच होती, टेक आता बॅटरीवर घेतो. मिक्समध्ये गळा आणि गिटार अजून एकमेकांच्या अंगावर येतात, तेवढं सांगा.

तिहाई_चुकली:
गिटारला ७५-८०वर हाय पास (त्याखालचं कापणारा फिल्टर), गळ्याला ९०-१००वर. मग गिटारमध्ये २०० ते ३०० दरम्यान २-३ डीबी कमी करा, आणि गळ्यातले शब्द जिथे कळतात त्या २ ते ४ हजारात रुंद वळणाने गिटारमधूनच आणखी दोनेक डीबी काढा. गळा वर चढवण्यापेक्षा गिटारने बाजूला सरकणं बरं.

कॉम्प्रेसर (आवाजाची चढउतार दाबणारा) गळ्याला ३:१, अटॅक (पकडायचा वेळ) १०-१५ मिलिसेकंद, रिलीज (सोडायचा वेळ) ८०च्या आसपास, सुई ४-५ डीबीच्या पुढे जाऊ नये. ‘स’ आणि ‘श’ टोचत असतील तर डी-एसर ५ ते ८ हजारात. ‘भ’, ‘फ’ फुटतात ते मिक्समध्ये सुधारत नाहीत. पॉप फिल्टर माइकपासून १० सेंटिमीटर पुढे आणि माइक तोंडाच्या रेषेतून थोडा बाजूला, हा त्यावरचा इलाज. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) सेंडवर, म्हणजे वेगळ्या ट्रॅकवर, प्लेट प्रकारचा, दीड सेकंदाच्या आत, प्री-डिले (तो सुरू होण्याआधीची उसंत) ३०-४० मिलिसेकंद. रिव्हर्बच्या ट्रॅकलाच ३००वर हाय पास लावा, नाहीतर काढलेला घुमारा मागच्या दाराने परत येतो.

गिटार रुंद हवी असेल तर तोच भाग दुसऱ्यांदा वाजवून डावी-उजवीकडे टाका. कॉपी-पेस्ट केलेली गिटार दोन्हीकडे टाकली तरी मधेच ऐकू येते. शेवटी सगळं मोनो (डावं-उजवं एकत्र) करून मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. गिटार गायब झाली तर दोन ट्रॅकच्या फेजमध्ये गडबड आहे (लहरी एकमेकींना खातायत), तिथूनच मागे जा.