कथा परत आली म्हणून थांबायचं?

इथं एका ताईंनी लिहिलंय की दिवाळी अंकांकडून कथा परत आल्या, आता लिहिणं थांबवू का. ताई, अजिबात थांबवू नका ओ! आमच्या बेळगावात वाढलेल्या लेखक प्रकाश नारायण संतांचंच बघा की, जन्म १९३७ चा आणि लंपन नावाच्या पोराच्या कथांचं पहिलं पुस्तक आलं १९९४ ला, तोवर माणूस कराडला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होता. आणि त्या कथांची भाषा आपली बेळगावी, कानडीचा हेल असलेली, ती अख्ख्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली. मला याचं फार वाटतं कारण माझ्या एका कथेतले संवाद संपादकांनी न विचारता पुणेरी करून छापलेले, अंक हातात आला तेव्हा आनंद होण्याऐवजी रडूच आलं.

पैशाचं तर विचारूच नका, पावसाळ्यात कथा पाठवायची, उत्तराची वाट बघायची, मानधन आलं तर आलं. निदान नकार तरी कळवावा की हो, एवढी साधी अपेक्षा आहे.

पण आपल्या सीमाभागात एक मोठं सुख आहे, कडोली, उचगाव, येळ्ळूरसारख्या गावांत साहित्य संमेलनं भरतात, तिथं शेतातली कामं आवरून आलेल्या बायका कथाकथनाला मांडव भरून बसतात आणि कुठं कंटाळा आला ते तोंडावर सांगतात. असा वाचक कुठं मिळणार? ताई, परत आलेली कथा घेऊन तिथं याच, निवड होवो न होवो, आधी मोठ्यानं वाचून दाखवा कुणाला तरी.