अनुभव धागा: पर्सोना ४ गोल्डन, खान्देशातले पहिले काही तास

जळगाव

जपानी आरपीजी (एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गोष्टीवाला गेम) म्हटलं की आपल्याकडे गाडी पोकेमॉनवरच थांबते. म्हणून या वेळी मुद्दाम एकच गेम घेऊ, पर्सोना ४ गोल्डन. मूळ गेम २००८ साली प्लेस्टेशन २ वर आला. वाढवलेली गोल्डन आवृत्ती २०१२ मध्ये व्हीटा या सोनीच्या हातात धरायच्या कन्सोलवर आली, २०२० मध्ये स्टीम या संगणकावरच्या गेम-दुकानात आणि जानेवारी २०२३ मध्ये निन्टेन्डो स्विच या हातातही धरता येणाऱ्या कन्सोलवर. व्हीटा, स्विच, स्टीम डेक (स्टीमचे गेम चालवणारा हातातला संगणक), ज्यावर खेळला असाल त्यावरचं लिहा. सुरुवातीला काय वाटलं तेवढंच हवंय. शंभर तास खेळून गेम संपवलेल्यांनी पांडित्य आवरावं, आणि गोष्ट खुनाच्या तपासाची आहे, तेव्हा खुनी कोण ते कुणीही फोडू नये.

माझं सांगते. शहरातला मुलगा वर्षभरासाठी इनाबा नावाच्या गावी मामाकडे राहायला येतो. मामा पोलिसात, मामी हयात नाही, आणि चिमुरडी मामेबहीण नानाको घरी एकटीच टीव्ही बघत बसलेली. पहिल्या रात्री जेवताना मामाला फोन येतो आणि तो ताटावरून उठून जातो. नानाको काही बोलत नाही, तिला त्याची सवय आहे. राक्षस, तलवारी यायला अजून अवकाश होता, पण मी तिथंच ठरवलं की हा गेम सोडायचा नाही.

अमळनेर

मी सोडला. दोन-तीन तास नुसतं वाचायचं आणि बटण दाबायचं? शाळेत जा, घरी ये, झोप. मध्येच एक प्रेत अँटेनावर लटकलेलं सापडतं, तेव्हा वाटलं आता सुरू होईल. तर परत शाळा. ज्यांना कादंबरी वाचायची त्यांनी कादंबरी घ्यावी, त्यात चार्जिंग लागत नाही.

धुळे

अमळनेरकर, तुम्ही ज्याला शाळा-घर म्हणताय त्यातच सगळा माल आहे. आमचं आग्रा रोडला लागून आतल्या गल्लीत कापडाचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. त्यामुळे मला हा गेम वेगळ्याच ठिकाणी लागला.

इनाबात जुनेस नावाचं मोठं दुकान आलंय. एकाच छताखाली सगळं, वर रेडिओ-टीव्हीवर त्याची जाहिरात. नानाकोला ते जाहिरातीचं गाणं तोंडपाठ. आणि इकडे गावच्या जुन्या बाजारपेठेत निम्मी शटरं खाली. योसुके हा हीरोचा मित्र, त्या जुनेसच्या मॅनेजरचा मुलगा. पोरगा हसरा, बडबड्या, पण गाववाले त्याच्या पाठीमागे कुजबुजतात. साकी नावाची मुलगी आहे, तिच्या घरचं दारूचं दुकान त्याच बाजारपेठेत, आणि ती कामाला जुनेसमध्ये. म्हणजे घरी बापाचा राग आणि बाहेर शेजाऱ्यांची तोंडं. जपान्यांनी हे सगळं २००८ मध्ये लिहून ठेवलंय. आमच्या गल्लीतले दोन जण आज मॉलमध्ये कामाला जातात, त्यांच्या घरचे संवाद मला ऐकून माहीत आहेत.

मग हीरो आणि योसुके टीव्हीच्या आतल्या जगात जातात. पाऊस असेल त्या मध्यरात्री बंद टीव्हीसमोर एकट्यानं बसलं की चित्र दिसतं, अशी गावात बोलवा आहे. आत योसुकेसमोर त्याचीच सावली उभी राहते आणि त्याला सुनावते, तुला या गावाचा कंटाळा आलाय, खून झाला तर तुला मनातून बरंच वाटलं, काहीतरी घडलं म्हणून. तो ओरडतो, "तू मी नाहीस!" झालं, सावली फुगून राक्षस होते. तिला हरवल्यावर, ही आपलीच बाजू आहे हे त्यानं एकदा मान्य केलं, की तीच सावली पर्सोना, म्हणजे मनातून बोलावता येणारी शक्ती, बनून त्याच्या बाजूनं लढते. लढाईची कल्पना अशी गोष्टीतूनच निघालेली मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

भुसावळ

धुळेकरांनी गोष्ट सांगितली, मी जरा यंत्राचं सांगतो. नोकरी रेल्वेत, पाळ्या बदलत्या. टीव्हीसमोर सलग बसून आरपीजी खेळणं आमच्या नशिबात नाही. मूळ गेममध्ये वाटेल तिथं सेव्ह करता येत नव्हतं, घर, शाळा, टीव्हीच्या जगाचं तोंड अशा ठरावीक जागा होत्या. टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर याचा जाच व्हायचा. स्विचवर पॉवरचं बटण दाबलं की यंत्र झोपतं आणि पुढच्या पाळीनंतर त्याच वाक्यावर उठतं. गेम तोच, पण माझ्यासाठी खेळता येणं न येणं इथंच ठरलं.

लढाई आळीपाळीची आहे. समोरच्याचं दुबळं अंग ओळखून आग, बर्फ, वीज, वारा यांतलं योग्य ते मारलं की तो पडतो आणि आपल्याला आणखी एक डाव मिळतो. सगळे पाडले की चौघं मिळून एकदम तुटून पडायचं. सुरुवातीला सोपं वाटतं, नंतर शत्रूही तुमच्यावर तेच करतो. लेको, तिथं पहिल्यांदा मार खाल्ला.

एक सूचना. निन्टेन्डोच्या सांगण्यानुसार स्विच ३५ अंशांपर्यंतच वापरायचा. मेमध्ये आपल्याकडे तेवढं सकाळी दहालाच असतं. कूलरसमोर बसा, पण पाण्याचे तुषार लागणार नाहीत इतकं लांब.

रावेर

आमच्या भागात शेतीची लाइट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की केळीला पाणी सोडून मळ्यातच बसावं लागतं. तिथं स्टीम डेक काढला. आजी एकदा डबा घेऊन आली, "काय करी राह्यना रे भो?" म्हणून डोकावली. पडद्यावर नेमकी नानाको. "पोरगी एकटीच का बसेल आहे घरात?" एवढं विचारून ती उत्तराची वाट बघत राहिली. मलाच सांगता येईना.

मला पकडलं ते हवामानानं. टीव्हीच्या जगात कुणी अडकलं की त्याला सोडवायची मुदत तारखेनं नाही, पावसानं ठरते. सलग काही दिवस पाऊस झाला की मागून धुकं उतरतं, तोवर माणूस बाहेर काढला नाही तर खेळ खलास. त्यामुळे रोज संध्याकाळी मामाच्या घरच्या टीव्हीवरचा अंदाज बघायचा. अंदाज बघून पोटात गोळा येणं हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. फरक इतकाच, गेममधला अंदाज खरा ठरतो.

आणि हो, गोल्डनमध्ये थोडं पुढं गेल्यावर नानाकोसोबत परसात भाज्या लावता येतात. आलेलं पीक लढाईत वापरता येतं. भाव पडायची भानगडच नाही.

नंदुरबार

भाचा सुटीत येऊन स्विच इथंच विसरला, म्हणून मी खेळले. शिक्षिका आहे, तेव्हा आधी ते सांगते: चित्रं पाहून कुणी हा लहानांच्या हाती देऊ नका. अमेरिकेत याला १७ वर्षं आणि त्यावरच्यांसाठीचा शिक्का आहे, आणि तो बरोबर आहे.

सुरतेला जाताना गाडीत बरंच खेळले. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, तिथं गाडी थांबली तेव्हा माझा मुलगा, म्हणजे गेममधला, वर्गात सरांच्या प्रश्नाला उत्तर देत होता. हे सर येता-जाता मुलांना घालून पाडून बोलतात. असे सर सगळ्यांनीच पाहिले असतील. संगीत शोजी मेगुरो यांचं आहे. खुनाच्या गोष्टीत एवढी उडती, नाचरी गाणी कशाला, असं आधी वाटलं. नवापूर सोडेपर्यंत पाय ठेका धरत होता, समोरच्या बाईंनी विचारलंसुद्धा.

इंग्रजी भरपूर आहे, पण अवघड नाही. दहावीची इंग्रजी ज्याला नीट येते त्याचं भागतं.

अमळनेर

बरं, परत टाकून बघतो. लढाई कुठं सुरू होते तेवढं सांगा, तोवर संवाद पळवतो.

धुळे

पळवू नका हो! साकीचा भाग तरी वाचा.

चाळीसगाव

मी कालच घेतला. पहिल्या तासात पेट्रोल पंपावर गाडी थांबली, मामा-भाचे उतरले, एवढ्यात शेजारी बसलेल्या आतेभावानं खुनी कोण ते सांगून टाकलं. वर म्हणतो, "तरी मजा येईल, खेळ." धागाकर्त्या ताई, अशा माणसासाठी काही नियम आहे का?