पोरं थांबतील, पण सातबारा कुणाच्या नावावर?

गावात नोकरी नाही म्हणून पोरं पुण्याला पळतात, असं बरेच जण म्हणतात. अर्धंच खरं आहे. आमच्याकडे चुलतभाऊ दहा वर्षं शेती बघतोय, पण सातबारा अजून आजोबांच्या नावावर. पीककर्ज असो की ठिबकचं अनुदान, उताऱ्यावर नाव लागतं. सोयरीक जुळवणारेही आधी तेच विचारतात. शेवटी गडी चाकणला कंपनीत लागला.

जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली, सगळे सहधारक राजी असतील तर, तहसीलदारांकडे अर्ज करून वाटणी होते. अडतं ते घरात. 'आम्ही असेपर्यंत कशाला?' म्हणणारी थोरली मंडळीच नंतर कट्ट्यावर बसून गाव ओस पडलं म्हणतात!