मदत हवी आहे : रॅम वाढवल्यावर विंडोज ९८ म्हणतंय ‘मेमरी कमी’

नमस्कार मंडळी,

माझे वडील इथे नाशिकला शाळेत भूगोल शिकवायचे. २००३च्या सिंहस्थात त्यांनी रामकुंडावर आणि त्र्यंबकला कुशावर्तावर चित्रफिती घेतल्या आणि दोन विद्यार्थ्यांना हाताशी धरून डायरेक्टर या मल्टिमीडिया सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत एक सीडी केली. निवेदन त्यांच्याच आवाजात आहे. गेल्या वर्षी बाबा गेले. वर्षश्राद्धाच्या आत आईला ती सीडी ऐकायची आहे.

प्रोग्राम १६-बिट, त्यामुळे माझ्या ६४-बिट लॅपटॉपवर उघडतच नाही. म्हणून पंचवटीतल्या घरी माळ्यावरचा त्यांचा पेंटियम ४ खाली काढला. विंडोज ९८ आहे. १२८ एमबीची जुनी रॅम गेली होती. एम.जी. रोडला तेवढीच शोधली, नाही मिळाली. ५१२च्या दोन स्टिक मिळाल्या, त्या लावल्या.

मशीन सुरू होतं, पण डॉसची (कमांड टाइप करायची) विंडो उघडायला गेलं की मेमरी कमी असल्याचा मेसेज. सीडीत पहिलं चित्र येतं, बाबांचं ‘नमस्कार’ ऐकू येतं आणि चित्रफीत सुरू होताना परत तोच मेसेज. बाकीचे प्रोग्राम बंद केले, मेमटेस्ट ही रॅमची तपासणी रात्रभर चालवली, एकही एरर नाही. रॅम आठपट झाली तर कमी कशी पडते? विंडोज नव्याने टाकायची हिंमत होत नाही, डिस्कवर बाबांच्या इतरही फाइली आहेत.

प्रतिसाद :
विंडोजला हात लावू नका. आधी डिस्कची कॉपी काढा. कमी पडतेय ती रॅम नाही, मेमरीचे पत्ते, म्हणजे मेमरीतली जागा ओळखायला विंडोज वापरतं ते क्रमांक. विंडोज ९८चा व्हीकॅश (डिस्कवरचा डेटा रॅममध्ये हाताशी ठेवणारा, म्हणजे कॅश सांभाळणारा भाग) दिसेल त्या रॅमच्या मानाने कॅशसाठी पत्ते राखून ठेवतो, तेही ३ ते ४ जीबीमधल्या भागात. हे आभासी पत्ते आहेत, प्रत्यक्षात तेवढी रॅम नसली तरी असतात. एजीपी कार्डालाही (चित्र दाखवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला) तिथलीच जागा लागते. रॅम ५१२ एमबीच्या वर गेली की दुसऱ्या कोणाला जागाच उरत नाही असं होऊ शकतं. डॉसची विंडो न उघडणं ही त्याचीच खूण. एक स्टिक काढून बघा. दोन्ही ठेवायच्या असतील तर सिस्टिम डॉट आयएनआय या विंडोजच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये व्हीकॅशच्या भागात मॅक्सफाइलकॅश २६२१४४ करा. आकडा केबीत असतो, म्हणजे २५६ एमबी.

धागाकर्ता :
कॉपी काढली, मग एक स्टिक काढली. सीडी शेवटपर्यंत चालली! कुशावर्ताचा भाग आईने दोनदा लावायला सांगितला. खूप आभार. आता लाइन-आउटमधून बाबांचा आवाज लॅपटॉपवर उतरवून घेतोय.