जत्रेतल्या पाळण्याची पिन कोण बघतं?
काही जण म्हणतात की जत्रेतल्या पाळण्यांचे, झोक्यांचे अपघात बसणाऱ्यांच्या हुल्लडबाजीने होतात. मला नाही पटत. अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळच्या मनोरंजन पार्कात १४ जुलै २०१९ ला फिरता झोका तुटून खाली आला, २ जण गेले. त्यात बसणाऱ्यांचा काय दोष? हजारो हेलकाव्यांनी लोखंड थकतं, रंगाखाली चीर वाढत जाते. आमच्या कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या कारखान्यांत चीर शोधायला कास्टिंगला (ओतीव भागाला) लाल डाय, म्हणजे पातळ रंग, लावून पुसतात, वर पांढरी पावडर मारली की केसाएवढी चीरसुद्धा लाल उमटते. जत्रेतल्या पाळण्याला हे कोण करतं? गेल्या वर्षी पोरीला बसवलं आणि बघतोय तर पिनेत कॉटरऐवजी (पिन निसटू नये म्हणून घालतात ती दुमडती तार) वाकवलेला खिळा! तिथंच उतरवलं तिला. लई रडली. पाळणा दर गावात नव्यानं उभा राहतो, मग तपासणीही दर वेळी नव्यानं झालीच पाहिजे.